बशीवरची टकटक

ज्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ते माझ्या नावावर आलंच नव्हतं. ही सबब आहे हे मला कळत होतं, पण सुरुवातीला ती मला पुरली.

दुर्गापूजेच्या आधीचे दिवस होते. टॉलीगंजच्या सिनेमा-कचेरीतून एक जाडसर पाकीट आलं. आत तमोनाशच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी होती : 'अनादिदा, तुमच्या हाताला चाहतीचं पत्र आलंय. ऐश करा.' तिला टाचून एक निळं अंतर्देशीय पत्र. पत्त्याच्या जागी सिनेमा कंपनीचं नाव आणि त्याच्यावर, थरथरत्या पण वळणदार अक्षरात, 'जे चहा आणून देतात त्यांस मिळावे.'

मी बागबाजारात एका खोलीत राहतो. पुढे अरुंद सज्जा, मागे मोरी. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं. लग्न झालं नाही. करायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, राहून गेलं. आई होती तोवर घरात आवाज होता. ती गेल्यावर दूधवाला सोडला तर दिवसभर कुणी हाक मारत नाही. त्यामुळे आधी चहा केला, चष्मा पुसला आणि मग सावकाश पत्र उघडलं.

'श्रीचरणी शतकोटी प्रणाम. इकडची प्रकृती कशी आहे? थंडीत अजून खोकला होतो का? मी बरी आहे. डोळ्यांना कमी दिसतं, तरी टीव्हीवर पाहिलं. तोंड दिसलं नाही पण ओळखायला वेळ लागला नाही. शेजारची मुलं हसतात, हसू देत. यावं असा माझा आग्रह नाही. ज्यांची सेवा पत्करली त्यांना सोडून यावं असं मी तेव्हा म्हटलं नाही, आताही म्हणणार नाही. एवढंच कळवावं, की मी हे घर सोडून जाऊ की नको. लेक, खुकू, न्यायला बसली आहे. दोन ओळी पुरेत. सेविका नीहारबाला. कालना.'

पहिल्यांदा वाचताना मी ते माझंच म्हणून वाचलं. वेडेपणा होता तो, पण क्षणभर तसं झालं खरं. थंडीत मला खोकला होतो. गेल्या कित्येक वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा सगळं ध्यानात आलं. ही बाई आपल्या नवऱ्याला लिहीत होती. तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हिनं लिहिलंही नव्हतं, पत्त्यातसुद्धा नाही. नाव असतं तर कचेरीतल्या कुणाच्याही लक्षात आलं असतं की असा माणूस आपल्याकडे नाही. नाव नव्हतं, म्हणून त्यांनी चहा देणारा शोधला. चहा देणारा मी होतो.

तो सिनेमा त्यांच्या मरणावर होता. 'त्यांच्या' म्हटलं की आमच्याकडे आणखी काही सांगावं लागत नाही. देशासाठी घर सोडून गेले, परदेशात फौज उभी केली, आणि लढाई संपता संपता नाहीसे झाले. विमान पडलं म्हणतात. पडलंच नाही म्हणतात. पडलं पण ते त्यात नव्हते म्हणतात. आमच्या गल्लीतल्या चहाच्या टपरीवर बाकी सगळे विषय संपले की हा निघतो, आणि मग भांडण होऊनच लोक घरी जातात. मी कधी बोललो नाही. पण वर्तमानपत्रांतली कात्रणं मात्र तरुणपणापासून साठवत आलो आहे, खोक्यांत, सालवार. तमोनाश हालदार कॉलेजात असताना ग्रंथालयात येऊन बसायचा. पुढे दिग्दर्शक झाला आणि या विषयावर रहस्यपट काढायचं ठरल्यावर माझी खोकी न्यायला आला.

त्याच्या गोष्टीत एक वकील होता. तो विमानाचा माग काढत काढत उत्तरेतल्या एका गावी पोचतो. तिथे एक साधू पडद्याआड राहतो, कुणाला तोंड दाखवत नाही. त्याचा एक म्हातारा सेवक. वकील अंगणात बसलेला असतो, सेवक पडद्यापाशी चहा ठेवतो, आणि पडद्याआडून काही केल्या कुणी दिसत नाही. सिनेमा तिथेच संपतो. ते होते की नव्हते, ते तमोनाश सांगत नाही.

सेवकाचं काम करणारा नट त्या दिवशी तापानं पडला. मी खोकी परत न्यायला स्टुडिओत गेलो होतो. तमोनाशनं माझं मनगट धरून दिव्याखाली नेलं.

"अनादिदा, नुसता हात पाहिजे."

"मला नाही जमायचं रे. माझा हात थरथरतो."

"तेच पाहिजे. या तरण्याताठ्या पोरांच्या हाताला खोटं म्हातारपण चिकटवून मी दमलो."

पाठीवर घोंगडी टाकून मला बसवलं. पडद्यामागे कुणी नव्हतं. एक स्टूल होतं आणि त्यावर दिवेवाल्याची पाण्याची बाटली. मी कप ठेवला, त्यावर बशी झाकली आणि बोटाच्या पेरानं बशीवर दोनदा वाजवलं. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. आईला शेवटची वर्षं दिसत नसे. चहा आणलाय आणि इथे ठेवलाय हे तिला कळावं म्हणून मी दोनदा वाजवायचो. सवय राहिली होती. तमोनाश म्हणाला, "हे कुठून काढलंत? राहू द्या, फार छान आहे."

तेवढी टकटक सिनेमात राहिली. सिनेमा चालला, पुढे एका रविवारी टीव्हीवर लागला, आणि कालन्यात नीहारबालांनी तो पाहिला.

पत्र घेऊन मी टॉलीगंजला गेलो. तमोनाश मुरमुरे खात बसला होता. पत्र वाचून त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते लिहिलं होतं.

"अनादिदा, या वयात बायको मिळाली. आणि स्वयंपाक येणारी दिसते."

"चेष्टा पुरे. तिला कळवायला हवं."

"काय कळवणार?"

"हात माझा आहे म्हणून."

"आणि?"

"आणि काय? तेवढंच."

त्यानं मुरमुऱ्यांचा कागद चुरगाळला. "तेवढंच नसतं ते. लोक आपला सिनेमा तिसऱ्यांदा का बघतात? कारण आपण सांगितलेलं नाही. बाहेर पडतात ते भांडत पडतात. आता तुम्ही सगळीकडे सांगत सुटा, की तो सेवक म्हणजे बागबाजारचे आमचे अनादिनाथ शिकदार, गॅसचा त्रास आहे, फुलकोबी वर्ज्य. झालं. गेलं रहस्य."

"सगळीकडे कुठे? एका बाईला."

"मी काय म्हणतो ऐका. आपण कॅमेरा घेऊन कालन्याला जाऊ. पन्नास वर्षं कुंकू पुसलं नाही, दार उघडं ठेवलंय, आणि आपल्या सिनेमातला हात ओळखते. माघात त्यांचा जन्मदिवस येतोय, त्याच दिवशी दाखवू. देश रडेल, दादा."

"तू जाऊ नकोस," मी म्हणालो. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण शेजारच्या टेबलावरची मुलगी वळून बघायला लागली. "मी लिहितो तिला."

"लिहा मग. लिहायला तुम्हाला कोण अडवतंय? नाहीतर पौष संपला की मी जाणार."

कुणी अडवलं नाही. मी लिहिलं मात्र नाही. रोज सकाळी कागद घ्यायचो. 'सादर प्रणाम' झालं की थांबायचो. पुढे काय? हात माझा आहे, हे एक वाक्य. त्या वाक्यानं तिच्या भांगातलं कुंकू पुसलं जाणार, शंखाच्या बांगड्या फुटणार, पानातला मासा जाणार. एवढं करायचा अधिकार मला कुणी दिला? अशी मी स्वतःची समजूत घालायचो. माणूस स्वतःच्या भित्रेपणाला किती चांगली नावं शोधतो.

खरं कारण वेगळं होतं, आणि ते कळायला मला दिवाळी उलटावी लागली. संध्याकाळी सज्ज्यात बसून मी चहा घेत होतो. कपावर बशी झाकली आणि हात आपसूक उठला. दोनदा वाजवलं. खाली रस्त्यावर ट्रामची घंटा, कुणाचा तरी रेडिओ. आणि मला वाटलं, गंगेच्या काठावर कुठेतरी एक माणूस या आवाजाची वाट बघतंय. मी उत्तर लिहिलं की ते थांबणार. माझ्यासाठी नसलेली का होईना, पण वाट कुणीतरी बघत होतं. तीन-चार महिने मी ती चोरून वापरली.

संक्रांत जवळ आली. तमोनाशचा निरोप आला की गाडी ठरवली आहे, पुढच्या आठवड्यात निघतो, तुम्हीही चला. दुसऱ्या दिवशी मी एकटाच हावड्याहून काटोव्याची गाडी पकडली.

घर सापडायला त्रास पडला नाही. "सिनेमात नवरा दिसला ती म्हातारी ना?" रिक्षावाल्यानंच विचारलं. गंगेकडे उतरणाऱ्या गल्लीत शेवटचं दार. ते उघडंच होतं. मी कडी वाजवली तेव्हा पन्नाशीची एक उंच बाई बाहेर आली, हातात शाळेच्या वह्यांचा गठ्ठा.

"कोण पाहिजे?"

"मी... कोलकात्याहून. सिनेमाच्या कचेरीकडून."

तिनं मला माकडटोपीपासून चपलांपर्यंत पाहिलं. "कॅमेरा कुठाय?"

"कॅमेरा नाही. पत्र पोचलं एवढं सांगायला आलो."

"एवढं सांगायला तुमची कचेरी म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवून पाठवते? श्रीमंत दिसते." मग आत वळून ती ओरडली, "मा, तुझ्या चहावाल्यांकडून माणूस आलाय."

हीच खुकू. आसनसोलला शाळेत शिकवते, सुट्टीत आईकडे आलेली.

नीहारबाला अंगणात उन्हात बसल्या होत्या. ठेंगण्या, लाल काठाचं पातळ, भांगात रुंद कुंकू, जाड काचांचा चष्मा. समोर सुपात मोरला, म्हणजे बोटभर लांबीचे मासे, आणि त्या ते नजरेनं नाही, हातानं चाचपून साफ करत होत्या. मी पाटावर बसलो आणि दोन्ही हात शालीच्या आत घेतले. माझे हात ओळखता येतील असं मला का वाटलं कोण जाणे. त्यांना सुपातला मासा दिसत नव्हता.

"उत्तर आणलंत?"

"नाही. पत्र पोचलं."

"ज्यांना लिहिलं त्यांच्या हाती?"

"हो," मी म्हणालो.

"वाचलं?"

"वाचलं."

"काही बोलले?"

मी शाल आणखी ओढून घेतली. त्या हसल्या. "नाहीच बोलणार. बोलायचे कधी? रंगूनला लाकडाच्या वखारीत होते, वर्षाला एकदा यायचे. सासरी बावीस माणसं पंगतीला. सासूबाईंच्या देखत नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. पहाटे मी त्या तिथं, विहिरीपाशी, भांडी घासत असायची. चहा आणून कठड्यावर ठेवायचे, गार होऊ नये म्हणून वर बशी, आणि दोनदा वाजवून निघून जायचे. पुरुषानं बायकोला चहा नेऊन द्यायचा, कुणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं. आमचं बोलणं काय ते तेवढंच."

"मा, बशी कुणीही वाजवेल," खुकू वह्या तपासता तपासता म्हणाली.

"कुणीही नाही वाजवत. तुझा नवरा वाजवतो?"

"माझा नवरा चहाच करत नाही."

"मग?" म्हातारीनं माझ्याकडे तोंड केलं, जणू साक्ष मिळाली. "लढाई संपल्यावर फौजेतला एक जण परत आला होता. तो सांगून गेला, की हे त्यांच्या सेवेत होते, त्यांचा चहा हेच करायचे. शेवटी त्यांच्याबरोबर गेले की मागं राहिले, ते त्याला माहीत नव्हतं. टीव्हीवर तो पडदा बघितला, आणि म्हटलं, बरोबर आहे. ते अजून आहेत, म्हणजे हेही तिथंच असणार. सोडून कसे येतील?"

खुकूनं चहा आणला. कप माझ्यासमोर ठेवला. घ्यायचा तर हात बाहेर काढावे लागणार.

"नको. पोटाला जरा..."

"कोलकात्याचं पोट," नीहारबाला म्हणाल्या. "गाडीत बसलं की बिघडतं. घ्या हो. खजुराचा नवा गूळ घातलाय."

मी घेतला नाही. चहा माझ्यासमोर गार होत राहिला आणि त्यावर साय धरली.

"तुम्ही त्यांना एवढंच विचारा," त्या म्हणाल्या. "खुकू म्हणते आसनसोलला चल, डोळे करून घे. पावसाळ्यात घाटावर पडले तेव्हापासून धरून बसलीय. मलाही कळतं, एकटीनं जमत नाही आता. पण मी गेले आणि हे आले तर? दाराला कुलूप दिसलं तर ते शेजाऱ्याला विचारणार नाहीत. तसला माणूसच नाही तो. लाजरा आहे. दोन मिनिटं उभे राहतील आणि आल्या पावली परत जातील. म्हणून विचारा, की जाऊ की नको. येणार नसतील तर मी जाते."

मान खाली असतानाही मला ते दृश्य दिसलं. कुलूप बघून कुणालाही न विचारता परत जाणारा माणूस. मी अशी कितीतरी दारं बघून परतलो होतो.

निघताना खुकू दारापर्यंत आली. ओसरीवर एक जुनं कपाट होतं. तिनं त्याच्या वर बोट दाखवलं. लाल गमछ्यात गुंडाळलेलं लांबट काहीतरी होतं, एका टोकाला सुकं गवत बाहेर आलेलं.

"ते बाबा," ती म्हणाली.

मी समजलो. ज्याचा देह मिळत नाही आणि बारा वर्षं पत्ता लागत नाही, त्याचा कुश गवताचा पुतळा करून जाळतात आणि मग श्राद्ध.

"चार वेळा बारा वर्षं झाली. शेवटी यंदा मा तयार झाली. भटजी ठरले, माझा मुलगा अग्नी देणार होता, मी पिंडाच्या भाताचं सगळं आणून ठेवलं. महालयाच्या आधीच्या रविवारी टीव्हीवर तुमचा सिनेमा. सोमवारी हिनं भटजींना परत पाठवलं. हा पुतळा जाळूही देत नाही, गंगेत सोडूही देत नाही. म्हणते, जिवंत माणसाचा आहे, टाकायचा कसा?" तिनं पदर खांद्यावर ओढला. "ते गेले तेव्हा मी पोटात होते. बाबा म्हणजे मला माहीत आहे ते एक वाढून ठेवलेलं ताट. पुन्हा वाढायला लागलीय, बघितलंत ना सुपात? एकटीला एवढे मासे लागतात?"

"तुम्ही कधी निघणार?"

"संक्रांतीची पिठे-पक्वान्नं झाली की. शाळा आहे. मग ही, तो घाट आणि हे उघडं दार." ती माझ्याकडे वळली. "खरं सांगा, तो हात कुणाचा आहे? कुणीतरी पैसे घेऊन काम केलंच असेल ना."

"पैसे नाही घेतले," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"कचेरीत... ऐकलं."

ती बराच वेळ माझ्या शालीकडे बघत राहिली. तिला कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. शेवटी म्हणाली, "जे कुणी असतील त्यांना सांगा, लिहा. 'हो' लिहा नाहीतर 'नाही' लिहा. मा दोन्ही सोसेल. हे मधलं कुणाला सोसत नाही."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी हात शालीबाहेर काढले.

घरी येऊन कागद घेतला. 'तो हात माझा आहे' हे लिहून झालं, आणि वाटलं तितकं अवघड गेलं नाही. पण त्यांनी विचारलं होतं ते वेगळंच. जाऊ की नको. खुकू म्हणाली, हो किंवा नाही. तमोनाश सिनेमा संपवून मोकळा झाला होता, टपरीवरचे लोक भांडून घरी जात होते, आणि मी खोकी भरत होतो. न कळण्यावर आम्हा सगळ्यांचं बरं चाललं होतं. त्याचं भाडं कालन्यात एक बाई भरत होती. पण म्हणून 'ते गेले' असं मी लिहू कसं? मला माहीत नाही. माझ्या खोक्यांनाही माहीत नाही. खोटं लिहून तिला सोडवायचं, तर आधीच्या टकटकीत आणि यात फरक काय?

दोन दिवस तसेच गेले. खोकी पलंगाखाली सारताना एक लाकडी फळी हाताला लागली. ग्रंथालयातून निघताना आठवण म्हणून आणली होती. एखादं पुस्तक त्याच्या जागेवरून हलवायचं झालं, बांधणीला किंवा दुसऱ्या दालनात, की आम्ही त्या फटीत पुस्तकाच्या आकाराची फळी ठेवायचो. फळीवर लिहिलेलं असायचं, पुस्तक कुठे आहे. कारण वाचकांत माझ्यासारखे असतात. जागा रिकामी दिसली की ते कुणाला विचारत नाहीत, पुस्तक हरवलं समजून निघून जातात.

मी फळी मांडीवर घेऊन थोडा वेळ बसलो. मग उत्तर एका बैठकीत झालं.

'नीहारबाला देवींस अनादिनाथ शिकदाराचा सादर प्रणाम. आपलं पत्र माझ्या हाती आलं, कारण सिनेमात चहा ठेवणारा हात माझा आहे. मी नट नाही. माझ्या आईला दिसत नव्हतं, तिच्यासाठी मी बशी वाजवत असे, ती सवय तिथेही आली. पडद्यामागे कुणी नव्हतं, एक स्टूल होतं. आपले यजमान त्या सिनेमात कुठेही नाहीत. हे मी आश्विनातच लिहायला हवं होतं. पौषात आपल्या अंगणात येऊन शालीत हात लपवून बसलो तो मीच. चहा टाकला, त्याची क्षमा असावी.

'आपले यजमान आहेत की नाहीत, मला माहीत नाही. मी या विषयावर मिळेल ते सगळं वाचलं आहे, तरी माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांनाही नसावं. म्हणून पुतळ्याचं काय करायचं ते आपण आणि खुकूनं ठरवावं. माझ्या हाताकडे बघून मात्र काही ठरवू नये.

'जाऊ की नको, हे आपण विचारलंत. जावं. डोळे करून घ्यावे. दाराला कुलूप लावावं, आणि दारावर रंगाऱ्याकडून आसनसोलचा पत्ता लिहून घ्यावा, मोठ्या अक्षरात, पांढऱ्या रंगानं, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून वाचता येईल असा. लाजरा माणूस शेजाऱ्याला विचारत नाही, पण दारावर लिहिलेलं वाचतो. एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

'सिनेमाचे लोक कॅमेरा घेऊन येतील. त्यांना हे पत्र दाखवावं.

'थंडीतल्या खोकल्याचं आपण विचारलंत. तो प्रश्न माझ्यासाठी नव्हता. तरी कळवतो, की अजून होतो.'

शेवटचा परिच्छेद मी दोनदा खोडला. दोनदा पुन्हा लिहिला. मग राहू दिला.

खाली उतरलो तेव्हा क्लबची मुलं माघातल्या जन्मदिवसाचा मांडव घालत होती. त्यांची तसबीर अजून कागदात गुंडाळलेली भिंतीला टेकवून ठेवली होती. कर्णा तपासत एक जण 'हॅलो, हॅलो, एक दोन' म्हणत होता. टपालपेटीच्या गळ्यात कागदी झेंड्यांच्या माळेचं टोक बांधलेलं.

"अनादिजेठू, सांभाळून, माळ तुटेल," मुलगा शिडीवरून म्हणाला. "आणि काय हो, तुम्ही एवढं वाचता, ते आहेत की गेले?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. गल्लीत हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं असेन.

"जेठूंनासुद्धा माहीत नाही," तो दुसऱ्याला म्हणाला, आणि दोघं हसत पुन्हा दोरी ओढू लागले.

मी माळ एका हातानं वर धरली. दुसऱ्या हातानं पाकीट पेटीच्या तोंडात घातलं. बोटं थोडा वेळ ते धरून राहिली. मग सोडलं. आत ते कशावर तरी पडल्याचा आवाज आला, एकदाच.